तोफेचा पुढचा दात

अंगाने काडी आणि आवाजाने तोफ, म्हणून शहराच्या बँडमध्ये त्याचं नाव तोफ पडलं, आणि पडलं ते कायमचं. खरं नाव होतं, नाही असं नाही. पण त्याची बायकोसुद्धा भांडताना "अहो तोफ" म्हणायची, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात! बँड बागेतल्या चौथऱ्यावर वाजो, सामन्याआधी मैदानात वाजो, नाहीतर कुणा बड्या माणसाच्या अंत्ययात्रेत वाजो, पहिल्या ट्रम्पेटने, म्हणजे तोफेने, तोंड उघडलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसत. तोफेला या गोष्टीचा कोण अभिमान! कुत्रं उठलं नाही तर त्याला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

अशा माणसाला हाडाच्या आतला कॅन्सर झाला. आधी पाठ दुखायला लागली. बँडवाल्यांपैकी कुणाची पाठ दुखत नाही? म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एके दिवशी साधं खोकताना बरगडी मोडली. खोकताना! तपासण्या झाल्या, आणि हाडाच्या मगजात, जिथे रक्त तयार होतं तिथेच, आजार मुक्काम ठोकून बसलाय असं निघालं. सलाइनी झाल्या, इंजेक्शनं झाली, गोळ्यांनी तोंडाची चव गेली. तोफ सरावाला जातच राहिला. भेटायला येणारे लोक दारातच चेहरा पाडून उभे राहत, तेव्हा तो आतून ओरडायचा, "मयताला आलात का? त्याला अवकाश आहे अजून. आलाच आहात तर चहा घ्या."

औषधांनी आजार दबला, तेव्हा हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवलं. आता स्टेम सेल ट्रान्सप्लांट करायचा, त्या म्हणाल्या. ज्या मूळ पेशींपासून रक्त बनतं, त्या तुमच्याच अंगातून काढून गोठवून ठेवायच्या. मग एक फार कडक औषध देऊन हाडातला सगळा मगज साफ करायचा. आणि मग तुमच्या पेशी तुम्हाला परत द्यायच्या.

"म्हणजे ढेकणांसारखं," तोफ म्हणाला. "चांगलं सामान बाहेर काढायचं, घरात औषध मारायचं, मग सामान पुन्हा आत."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. "तसंच धरा. फक्त मधले काही दिवस तुमच्या घराला दारं-खिडक्या नसतील. रोगाशी लढणारं अंगात काहीच उरलेलं नसेल. एरवी शिंकेवर जाणारा जंतूही मालक होऊन बसेल. म्हणून आधी दात, कान, छाती, सगळं तपासून घ्यायचं. कुठे पू नको, कुठे कीड नको."

"कीड कसली? ठणठणीत आहे मी."

"कॅन्सर सोडून," बायको म्हणाली.

बायको एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. उकळत्या पाण्यावर तिचा जेवढा विश्वास, तेवढा माणसांवर नव्हता. त्या दिवसापासून तिने घर उकळायला काढलं. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी, काही म्हणून सोडलं नाही. मातीत बुरशी असते म्हणून कुंड्या शेजारणीकडे गेल्या, सतरंजी माळ्यावर गेली, भिंतीवरची ओल खरवडून तिथे रंग लागला. "घरात उकळायचा राहिलोय तो मी एकटा," तोफ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. शेवटी तिने ट्रम्पेटच्या पेटीकडे मोर्चा वळवला, तेव्हा तो आडवा आला.

"याला हात लावलास तर बघ!"

"तर काय कराल?"

तोफेने जरा विचार केला. "तर कोमट पाण्याने धू. उकळत्याने चकाकी जाते."

तिने नळ्या सोडवून कोमट पाण्याने धुतल्या. इतक्या वर्षांच्या थुंकीतून आणि ओलीतून आतून जे काही बाहेर आलं, ते बघून दोघांनीही नाक धरलं.

राहता राहिले दात. आणि इथे तोफेने माती खाल्ली.

फुंकून वाजवणाऱ्या माणसाचं सगळं भांडवल तोंडात असतं. ओठ चिरला, हिरडी सुजली, दात हलला, तरी तो ब्र काढत नाही. आज "दुखतंय" म्हटलं की उद्या खुर्ची दुसऱ्याची. बँडमध्ये हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. तोफेचा वरचा पुढचा दात कितीतरी दिवस ठणकत होता. ट्रम्पेटचं पितळी टोक, म्हणजे माउथपीस, ओठांवरून याच दातांवर दाबलं जातं. मग त्याने काय करावं? माउथपीस किंचित डावीकडे सरकवला आणि वाजवत राहिला. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

दातांचे डॉक्टर स्वभावाने गरीब होते. एका बारीक स्टीलच्या दांडीने ते एकेका दातावर टकटक करत चालले. दुखतंय? नाही. इथे? नाही. त्या दातावर दांडी पडली तेव्हा तोफेच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "नाही," तो म्हणाला, आणि वर हसून दाखवलं. डोळ्यांतून पाणी आलं ते दिव्याच्या उजेडाने, असंही सांगून टाकलं. डॉक्टरांनी त्याला दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढायला बोलावलं. तोफेचा तो दुसरा दिवस काही उजाडला नाही. पुढे हॉस्पिटलात कुणीतरी विचारलं, दात दाखवले का? "दाखवले की!" तो म्हणाला. यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा.

मग मूळ पेशी हाडातून रक्तात उतराव्यात म्हणून पोटात टोचायची इंजेक्शनं सुरू झाली. टोचायचं काम बायकोकडे. त्या औषधाने हाडं अशी ठणकायची की कंबर, मांड्या, छातीचं हाड, सगळं जणू आतून कुणी ठोकतंय. तोफ कण्हायच्या ऐवजी कवायतीचा मार्च गुणगुणायचा, आणि ठणका वाढला की लय वाढवायचा. त्यावरून बायकोला आतली हालहवाल कळायची. मग हॉस्पिटलात मशीनशेजारी झोपवून त्याचं रक्त एका बाजूने बाहेर काढलं, त्यातल्या हव्या त्या पेशी ठेवून घेतल्या आणि बाकीचं दुसऱ्या बाजूने परत दिलं. जमलेली पिशवी बघून तो नर्सला म्हणाला, "एवढ्याशावर मला पुन्हा उभा करणार?"

"एवढ्याशावरच," नर्स म्हणाली, आणि पिशवी गोठवायला घेऊन गेली.

आता भरती व्हायचं तेवढं बाकी होतं. आणि एका सकाळी आरशात बघतो तो एका बाजूला तोफ आणि दुसऱ्या बाजूला भोपळा! गाल सुजून डोळ्याला भिडलेला, अंगात ताप.

डॉक्टरीणबाई या वेळी हसल्या नाहीत. "हा दात किती दिवस दुखतोय?"

तोफेने सुजलेला गाल हाताने झाकला. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"चोर आधीच घरात लपवून ठेवलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि मला दारं-खिडक्या काढायला सांगत होतात. असेच भरती झाला असतात, तर मी तुम्हाला वाचवू शकले नसते. कळतंय का? दात काढायचा. जखम भरल्याशिवाय मी तुम्हाला आत घेणार नाही. आणि फार थांबायलाही वेळ नाही. आजार झोपलाय फक्त. तो कधी उठेल याची हमी माझ्याजवळ नाही."

तिथून थेट दातांच्या डॉक्टरांकडे. या खेपेला एक्स-रे निघाला. मुळाला उभी चीर गेलेली, आजूबाजूचं हाड पोखरलेलं. दात वाचणार नव्हता.

"मग खोटा बसवा लगेच."

"लगेच नाही जमणार. ट्रान्सप्लांट होऊ दे, तब्येत सुधारू दे. वर्षभराने बघू. तोवर फट राहील."

"फट घेऊन ट्रम्पेट वाजत नाही, डॉक्टर."

"प्रयत्न केला तर कदाचित..."

"तुम्ही कधी फुंकलंय?"

"नाही."

"मग!" असं म्हणून तोफ खुर्चीवरून उतरला आणि गळ्यात अडकवलेल्या कागदी लाळेऱ्यासकट रस्त्यावर आला. बायको मागून त्याच्या चपला हातात घेऊन धावली.

घरी आल्यावर त्याने जाहीर केलं. "नको मला तो ट्रान्सप्लांट. गोळ्यांवर जितके दिवस निघतील तितके काढीन. पण वाजवत काढीन."

बायको चादरींच्या घड्या घालत होती. घडी घालायची थांबली नाही. "दुखतंय हे मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"पाडला असता. हाताने." मग तिने चादर खाली ठेवली. "ऐका. मला तुमचं वाजवणं आवडतं. त्याच्यावरच भाळले मी, तुमच्या रूपावर भाळायला मी आंधळी नव्हते. पण मेलेल्या माणसाने वाजवलेलं मी अजून ऐकलेलं नाही. मला भीती वाटते हो. रोज वाटते. दिवसभर उकळत बसते ते काय हौस आहे म्हणून?"

तिचं खरं होतं, हे तोफेला त्याच क्षणी पटलं होतं, आणि तरी तोंडातून हो निघेना. आवाज गेला तर मागे राहणार ती नुसती काडी. त्या काडीशी त्याची कधी ओळखच झाली नव्हती. तिला घेऊन पुढची वर्षं जगायची म्हणजे एखाद्या परक्या माणसाला घरात ठेवून घेण्यासारखं होतं. तो उठून आत गेला.

दुसऱ्या संध्याकाळी, गाल तसाच, औषधांनी ताप उतरलेला, तो सरावाच्या हॉलवर हजर. पहिल्या खुर्चीवर, मुख्य वाजवणाऱ्याच्या जागी, बसला. शेजारी दुसऱ्या खुर्चीवर त्याची भाची. सख्ख्या बहिणीची मुलगी, तिला ट्रम्पेट धरायला यानेच शिकवलेलं. आता दोन मुलांची आई आणि पोलादी ओठांची. तिने मामाच्या गालाकडे पाहिलं आणि मान फिरवली. तोफेने ट्रम्पेट उचललं, छाती भरून घेतली आणि वरचा सूर लावला.

सूर लागला. लागला आणि मधूनच फाटला. दातातून कळ गेली ती थेट टाळूपर्यंत, ट्रम्पेट मांडीवर आलं. सगळा बँड आपापल्या वाद्याकडे बघायला लागला. कुणी क्लॅरिनेटची चावी पुसली, कुणी ढोलाचा पट्टा घट्ट केला. काही झालंच नाही असं दाखवायची ही बँडची जुनी रीत. तोफेनेही ती जन्मभर पाळली होती, आणि त्याच रीतीने त्याला जवळजवळ मारलं होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दात कुजलाय माझा!" तो गरजला. "वर्ष झालं. गप्प बसलो होतो. बघा, नीट बघा, इकडे!"

मग क्लॅरिनेटवाला हळूच म्हणाला, "माझा खालचा ओठ बधिर होतो. गेल्या वर्षापासून."

"माझ्या हिरडीतून रक्त येतं," ट्रॉम्बोनवाला म्हणाला.

मागून, सगळ्यात मोठा भोंगा अंगावर घेऊन बसणारा तो आडदांड गडी खाकरला. "माझी वरची सगळी कवळी आहे."

"कवळी?" सगळा बँड एकदम वळला.

"चिकटवून येतो," तो म्हणाला, आणि हॉल असा हसला की बँडमास्तरांना काठी आपटावी लागली. तोफही हसला. हसताना गाल दुखला म्हणून त्याने एक सणसणीत शिवीही दिली.

सराव संपल्यावर भाचीने त्याला जिन्यापाशी गाठलं. "मामा, दात काढून टाका."

"आणि खुर्ची?"

"मला हवीय ती. खोटं कशाला बोलू? कधीपासून हवीय. पण तुम्ही गेल्यावर मिळाली, तर सगळे म्हणतील रिकामी होती म्हणून बसली. जन्मभर ऐकत राहायचं मी ते? मला तुमच्याकडून हिसकावून घ्यायचीय. तुम्ही समोर असताना, सगळ्यांदेखत. म्हणून बरे होऊन या."

"हिसकावून?" तोफेचा पारा चढला. "माझ्याकडून? तू? अगं, तुझा वरचा सूर अजून जिना चढताना धापा टाकतो!"

"मग या ना परत, आणि दाखवा."

"येईन! येईन आणि तुला तिसऱ्या खुर्चीवर बसवीन!"

तो पाय आपटत जिना उतरला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या तोंडून "येईन" निघालं होतं, आणि ते आपणच बोललो हे घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला.

"भूल चढली का?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"चढो न चढो, ओढा!"

बाहेर आल्यावर बायकोने दात मागून घेतला. कापसावर ठेवून उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला. "एवढासा?" ती म्हणाली. "यासाठी मला विधवा करायला निघाला होतात?" आणि मग ती दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. तोफेच्या तोंडात कापूस होता, त्याला बोलता येत नव्हतं. तो तिच्याशेजारी बसून राहिला.

जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नवी तारीख दिली, आणि बजावलं, की आत आल्यावर फुंकणं बंद. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतील, नुसत्या जोराने रक्तस्राव होईल. बाहेर आल्यावरही बरेच महिने नाव काढायचं नाही. म्हणजे जे काय करायचं ते आत्ताच. तोफेने घरी ट्रम्पेट ओठाला लावलं. फटीतून हवा फुस्स! पुन्हा लावलं, पुन्हा फुस्स.

"हे ट्रम्पेट वाजतंय की तुम्हाला गॅस झालाय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

त्याने माउथपीस डावीकडे सरकवला, आणखी सरकवला, पार सुळ्याजवळच्या कोपऱ्यात नेला. ओठ वाकडा, मान वाकडी. रोज तेच, रोज बायकोच्या शिव्या. शेवटी मधल्या पट्टीतले थोडे सूर हाताला लागले. वरचा सूर तर स्वप्नातही नव्हता. गल्लीतलं एकही कुत्रं उठलं नाही.

भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो तोंडाला मास्क लावून हॉलवर गेला. बायकोने सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि दाराशी खुर्ची घेऊन बसली. तोफ पहिल्या खुर्चीपाशी थांबला, भाचीला दंडाला धरून त्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः तिसऱ्या ट्रम्पेटच्या जागी, मागच्या रांगेत जाऊन बसला. बँडने त्याच्यासाठी एक संथ, हळवी चीज बसवली होती. पहिल्याच ओळीला तोफ उठून उभा राहिला.

"हे काय चाललंय? मी जिवंत समोर बसलोय! मार्च काढा, मार्च!"

मार्च निघाला. तिसऱ्या ट्रम्पेटला त्यात फारसं काम नाही. बराच वेळ गप्प बसायचं, आणि शेवटाकडे मोजके सूर द्यायचे. तोफ थांबला, मास्क खाली ओढला, मान वाकडी केली. त्याचे सूर आले. पहिला बरा आला. दुसरा खाली पडला, आणि त्याच्या मागून फुस्सकन हवा सगळ्यांना ऐकू आली.

आता बँडमास्तरांची ख्याती अशी, की कुणाचा सूर केसभर ढळला तरी काठी स्टँडवर आपटायची, बँड तिथल्या तिथे थांबायचा आणि त्या माणसाचा सर्वांसमोर उद्धार व्हायचा. आज काठी आपटली नाही. हवेत तशीच फिरत राहिली. मार्च पुरा झाला. मास्तरांनी काठी बगलेत धरली आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. ढोलवाल्याने डोळे पुसले.

तोफ उठला. चेहरा लालबुंद. "मास्तर, सूर पडला माझा."

"असू दे रे."

"असू दे? हवा सुटली, सगळ्यांनी ऐकली. तुम्ही थांबवलं का नाहीत?"

"तोफ, आज राहू दे. उद्या तुला..."

"उद्याचं उद्या! तुम्ही आजवर कुणाला सोडलंय? ताप असताना मला सोडलं नाहीत, बरगडी मोडलेली असताना सोडलं नाहीत. मग आज का सोडता? मनातून मला पोचवून मोकळे झालात ना सगळे?" त्याचा आवाज चिरकला, पण तो थांबला नाही. "मी उद्या आत जाणार, आणि बाहेर येणार. बाहेर आल्यावर मला इथेच बसायचंय. चुकलो तर थांबवा मला. टाळ्या कसल्या वाजवता!"

मास्तरांनी बगलेतली काठी काढली. मग त्यांनी ती अशी काही आपटली की स्टँडवरचे कागद उडाले.

"तोफ! ती फुंक आहे की पंक्चर? दुसरा सूर पडलाय, तिसरा आलेलाच नाही, आणि बसलायस असा की खुर्ची तुझ्या सासऱ्याने आंदण दिलीय! ताठ बस! पुन्हा. सगळे. पहिल्यापासून."

तोफ ताठ बसला. बँड पहिल्यापासून सुरू झाला. त्याचे सूर आले, दुसरा पुन्हा पडला, काठी पुन्हा आपटली. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला दुसरा लागला आणि तिसरा घसरला. काठी. दाराशी बसलेल्या बायकोने घरी चला म्हणून एकदाही हाक मारली नाही. त्या संध्याकाळी बँडला तो मार्च पुन्हा काही पुरा वाजवता आला नाही.